फॅक्टरीचं खोकं घेतलं का?

घरी काडतुसं भरून रेंजवर तपासायची असतील तर सगळ्यात आधी फॅक्टरीच्या काडतुसांचं एक खोकं गाडीत ठेवा. वीस असतात, वीसच्या वीस न्या. कारण पुढे येईलच, पण खोकं गाडीत गेल्याशिवाय पुढचं वाचू नका.

हे सगळं टेक्ससमधलं आहे. इथे स्वतःपुरती काडतुसं घरी भरणं हा सुतारकामासारखाच गॅरेजमधला उद्योग. भारतात शस्त्र कायदा, १९५९ आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या हौशी चुलतभावाला हे पाठवू नका. माझी रायफल .३०८ (म्हणजे गोळीचा व्यास, इंचात), नळी २० इंची. ही २० लक्षात असू द्या.

पुंगळ्या (काडतुसाची रिकामी पितळी कवचं) एकाच कंपनीच्या, आपल्याच रायफलीतून उडालेल्या. चीर दिसली की कचऱ्यात. धुणं-सुकवणं कराल तुम्ही. डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) घालण्याआधी वंगण लावायचंच. विसरलात तर पुंगळी आत रुतते आणि अख्खा शनिवार ती काढण्यात जातो. बोल्ट-ॲक्शनसाठी (हाताने बोल्ट ओढून भरायची रायफल) पुंगळीचा खांदा, म्हणजे ती निमुळती होते तो भाग, ०.००२ इंच मागे सरकला की पुरे. दरवेळी हावरटासारखा जास्त ढकललात तर पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाते आणि काही खेपांनी तिथेच फाटते. लांबी कॅलिपरने बघा. २.०१५ इंचांच्या वर गेलेली कापून २.००५ वर आणायची, नाहीतर तोंड चेंबरच्या टोकाला अडून गोळीला आवळून धरतं आणि दाब भलताच चढतो. कापल्यावर कडा आतून-बाहेरून घासून घ्या. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) बुडाशी सपाट किंवा केसभर आत हवा. प्रत्येकावरून बोट फिरवा. वर आलेलं एकही चालणार नाही.

आता दारू. (आईचा फोन आला तेव्हा मी ‘दारू मोजतोय’ म्हणून बसलो होतो. पुढची दहा मिनिटं खुलाशात गेली. मोजताना फोन घेऊच नये, हे त्यातलं खरं.) टेबलावर एका वेळी एकच डबा. काटा अर्धा तास आधी सुरू करा, ठरलेल्या वजनाने तपासा, आणि एसीचा झोत त्याच्यावर येत नाही ना ते बघा. मात्रा काडतुसं भरण्याच्या छापील पुस्तकातली घ्यायची, तीही नेमक्या त्याच दारूची आणि त्याच गोळीची. सुरुवात खालच्या आकड्यापासून. माझी मात्रा विचारू नका, सांगणार नाही. आणि फॅक्टरीचं काडतूस उकलून आतली दारू तोलायची, तेवढीच आपण भरायची, ही आयडिया डोक्यात आली असेल तर काढून टाका. फॅक्टरीची दारू दुकानातल्या डब्यात मिळतेच असं नाही. दाणे जुळ्या भावांसारखे दिसतात आणि जळतात मात्र वेगळे. गोळ्या बसवण्याआधी खेपेतल्या पन्नासही पुंगळ्यांत टॉर्च मारून दारूची पातळी बघा.

खोकं ठेवलं ना गाडीत?

गेल्या वेळी मी ठेवलं नव्हतं. १६८ ग्रेन वजनाच्या गोळीच्या मॅच (नेमबाजी स्पर्धेच्या) काडतुसांच्या खोक्यावर २६५० फूट प्रति सेकंद छापलेलं मला पाठ होतं, मग खोकं कशाला न्यायचं? माझी पहिली काडतुसं २५०० च्या आसपास गेली. घरून चढत्या मात्रेच्या काडतुसांच्या पुड्या करून आणल्या होत्या, एकेक पुडी वर चढत गेलो. शेवटी एका पुडीला बोल्टची मूठ उघडेना. तळहाताने ठोकून उघडली. प्रायमर लाटल्यासारखा चपटा झालेला, पुंगळीच्या बुडावर चकचकीत गोल ठसा: सगळ्या दाब फार चढल्याच्या खुणा. आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) अजून २६५० नाहीच. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, ‘तुझ्या रायफलीतून फॅक्टरीचं किती येतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या आठवड्यात उत्तर मिळालं: २५६०. खोक्यावरचा आकडा २४ इंची नळीतला असतो आणि .३०८ ला नळी इंचभर आखूड झाली की साधारण वीस-पंचवीस फूट जातात. म्हणजे जो वेग फॅक्टरीलाच माझ्या रायफलीतून मिळत नव्हता, त्याच्या मागे मी लागलो होतो. उरलेली तीस काडतुसं गोळी काढायच्या खास हातोड्यात घालून, ठोकठोकून एकेक उकलली. ती ठसा उमटलेली पुंगळी अजून कॅलिपरच्या डबीत ठेवली आहे.

म्हणून रेंजवर क्रम असा: आधी फॅक्टरीची दहा, आपल्याच रायफलीतून, आपल्याच क्रोनोग्राफवर. सरासरी वहीत. तोच आपला आकडा. मग आपली. गेल्या महिन्यातला फॅक्टरीचा आकडा चालणार नाही, कारण उन्हाने वेग बदलतो. त्याच दिवशी, त्याच टेबलावर हवा. फॅक्टरीचा वेग पुस्तकातल्या कमाल मात्रेच्या आत मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर तिथेच थांबायचं. बोल्ट जड व्हायची वाट बघू नका, ती खूण फार उशिरा दिसते. अचूकतेचंही तसंच. शंभर यार्डांवर तीन गोळ्या चिकटून लागल्या म्हणून नाचू नका, दहा मारा, आणि फॅक्टरीच्या दहांशेजारी ठेवून बघा. फॅक्टरीच्या दहा म्हणजे त्या खोक्यातल्या, जे तुम्ही आणलं आहे.

बाकीचं भरभर: काडतुसं गाडीत तापत ठेवू नका. नळी मध्ये निवू द्या. प्रत्येक पुडीवर मात्रा, दारू, तारीख. कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पाणी. आवाज फुसका आला तर थांबा, बोल्ट काढून नळीतून आरपार बघा, गोळी आत अडकली नाही ना. काडतुसांत शिसं असतं, जेवण्याआधी हात साबणाने धुवा. आणि फॅक्टरीच्या वीस रिकाम्या पुंगळ्या तिथे टाकून येऊ नका, पुढच्या खेपेला त्याच भरायच्या आहेत.