पणजीचा ठिपका समुद्रात का पडतो? जीपीएसचा सीरियल डेटा वाचताना या चुका टाळा

होडीवर बसवायला निओ-6एम हे जीपीएस मॉड्यूल आणलं, आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलं, पणजीच्या गच्चीवर चाचणी घेतली. आकडे येतात, पण नकाशावर ठिपका पडतो कोलव्यासमोर, किनाऱ्यापासून सुमारे 44 किलोमीटर आत अरबी समुद्रात. मॉड्यूल बदलायला धावू नका. ते बरोबरच सांगतंय, वाचणारा प्रोग्रॅम चुकतोय.

मॉड्यूल मजकुराच्या ओळी पाठवतं, त्यात अक्षांश 1529.4000 असा येतो. तो 15.294 नव्हे. पहिले दोन अंक अंशांचे, पुढचं सगळं मिनिटांचं: 15 अंश 29.4 मिनिटं. 29.4 ला 60 ने भागून 0.49, म्हणजे 15.49. रेखांशात अंशांना तीन अंक असतात, 07349.6800 म्हणजे 73 अंश 49.68 मिनिटं, अर्थात 73.828. सरसकट 100 ने भागलंत की ठिपका दक्षिणेला 22 आणि पश्चिमेला 35 किलोमीटर सरकतो. वेगही नॉटमध्ये असतो, ताशी किलोमीटरसाठी 1.852 ने गुणा. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवताना तारीखही बदलायला विसरू नका, नाहीतर पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी आदल्या दिवसाच्या नावावर जातात.

दुसरी चूक जास्त छळते, कारण ती कधीतरीच दिसते. 9600 बॉडला (सीरियलचा वेग) सेकंदाला 960 बाइट येतात आणि उनोचा बफर, म्हणजे आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा, 64 बाइटचा. म्हणजे तो सुमारे 67 मिलिसेकंदांत भरतो. लूपमध्ये एक सेकंदाचा डिले (थांबा) टाकला किंवा मेमरी कार्डावर लिहिण्यात वेळ गेला की मधला मजकूर गळतो आणि आरएमसी ओळीच्या (जागा, वेग, वेळ) डोक्याला जीएसव्ही ओळीची (दिसणारे उपग्रह) शेपटी चिकटते. डिले काढून टाका. आलेला प्रत्येक बाइट लगेच उचला, डॉलर चिन्ह दिसलं की नवी ओळ सुरू करा, ओळ संपल्याचं चिन्ह येईपर्यंत साठवत राहा. ओळ 82 अक्षरांपलीकडे गेली तर टाकून द्या.

मग चेकसम, म्हणजे ओळ वाटेत बिघडली का ते सांगणारा आकडा. डॉलर आणि तारा (*) यांच्या मधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सऑर (बिटांवरची एक क्रिया) काढा. ताऱ्यापुढच्या दोन हेक्स अंकांशी जुळला नाही तर ती ओळ वापरायचीच नाही. अर्धी ओळ ‘बरी दिसते’ म्हणून घेऊ नका. होडी कुठे आहे हे त्यावरून ठरणार असतं.

ओळ स्वल्पविरामांवर तोडताना सी मधलं स्ट्रटॉक वापरू नका. उपग्रह सापडले नसताना रकाने रिकामे येतात, स्ट्रटॉक लागोपाठचे स्वल्पविराम एकच धरतं आणि अक्षांशाच्या जागी भलतंच काही बसतं. आरएमसी ओळीतल्या स्थितीच्या रकान्यात ‘ए’ असेल तरच पुढे जा. ‘व्ही’ म्हणजे जागा अजून मिळालेली नाही. ओळीचं नाव (उदा. जीपीआरएमसी) तपासताना शेवटची तीन अक्षरं बघा, कारण नवी मॉड्यूल्स ‘जीपी’ऐवजी ‘जीएन’ पाठवतात.

जोडणी थोडक्यात: मॉड्यूलचा टीएक्स (पाठवणारी पिन) आर्डुइनोच्या आरएक्सला (घेणारी पिन), ग्राउंड दोघांचा एकच. उनोच्या 0 आणि 1 पिना यूएसबीच्या कामात असतात, म्हणून सॉफ्टवेअर-सीरियलला (इतर पिनांवर सीरियल चालवणारी लायब्ररी) आरएक्ससाठी 4 आणि टीएक्ससाठी 3 द्या. मॉड्यूलचा आरएक्स 3.3 व्होल्टचा आहे. उनोच्या 5 व्होल्टसाठी मध्ये 1 आणि 2 किलोओहमच्या रोधकांचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर हवा. अँटेनाची सिरॅमिक बाजू आभाळाकडे, पत्र्याच्या छपराखाली नको.

प्रत्येक ओळ कचरा असेल तर बॉड रेट तपासा. ओळ पूर्ण येते पण मधलंच एखादं अक्षर बदलतं, तर बहुतेकदा तार. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत जंपरच्या पिना हिरवट पडतात. होडीवर जंपर नकोतच; सोल्डर करा आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा हे निवांत करता येतं. काम झाल्यावर दहा मिनिटं मोजणी ठेवा: सेकंदाला एक याप्रमाणे आरएमसीच्या 600 ओळी यायला हव्यात. कमी आल्या तर बफर, आल्या पण चेकसमला नापास झाल्या तर आधी तार बघा.