ओबी डंपाचा उतार काढायचाय? डोझर किती, हायवा किती, असा काढा हिशोब

चंद्रपूर-वणी पट्ट्यात ओपनकास्ट खाणींच्या ओबीचे (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेली माती-दगड) डोंगर सगळ्यांनीच बघितलेत. त्यांचा उतार कमी करून वर माती टाकून झाडं लावायचं काम निघालं की पहिला प्रश्न असतो, मशीन किती लागतील? उलटं करा ना. आधी माल किती हलवायचाय आणि किती लांब ढकलायचाय ते काढा, मशीन त्यावरून ठरते.

धरा बेंच (डंपाचा एक टप्पा) ३० मीटर उंच आहे, टिपरने ओतलेला माल आपोआप ३७ अंशाला बसलाय आणि तो २८ अंशावर आणायचाय. वरची कड कापायची, तोच माल पायथ्याला ढकलायचा, बाहेरून काही आणायचं नाही. उंचीचा वर्ग भागिले ८, गुणिले दोन्ही कोनांच्या कोटँजंटमधला फरक (१.८८ वजा १.३३, म्हणजे ०.५५). ९०० भागिले ८ म्हणजे ११२.५, त्याला ०.५५ ने गुणलं की साधारण ६२ घनमीटर, आणि हे दर रनिंग मीटरला, म्हणजे १ किलोमीटर लांब डंपाला ६२,००० घनमीटर. आणि हो, पायथा ८ मीटर पुढे सरकतो, तिथे गारलँड ड्रेन (डंपाभोवतीची पाण्याची चर) किंवा कुणाचं शेत असेल तर आधीच बघून घ्या, नंतर कटकट होते.

इथे सरासरी ढकलायचं अंतर ४० मीटरच्या आसपास येतं, म्हणजे काम डोझरचंच. ३२० एचपी क्लासच्या डोझरच्या ब्लेडमध्ये खरा माल ८ घनमीटर धरा. पुढे ताशी ३ किलोमीटरने ०.८ मिनिट, रिव्हर्स ५ ने ०.५, गिअर बदलायला ०.१, एकूण १.४ मिनिट. तासाला ४३ फेऱ्या गुणिले ८, गुणिले ०.७५ एफिशियन्सी = २५८ घनमीटर. ५० मिनिटांचा तास धरला तर ०.८३ येतं, पण उतारावर मी तेवढं धरत नाही. उताराने ढकलताना फायदा होतो खरा, पण रिव्हर्स चढताना तो निघून जातो, म्हणून सपाटीचेच आकडे घेतलेत. शिफ्टमध्ये खरे ६ तास मिळाले तर एका डोझरला ४० शिफ्ट. अंतर ८० मीटर झालं की हाच डोझर १३३ वर येतो, आणि १०० मीटरच्या पुढे डोझरने ढकलणं म्हणजे डिझेल जाळणं, तिथे पोकलेन-टिपर लावा.

आता माती. १० हेक्टरवर ३० सेंटीमीटर म्हणजे ३०,००० घनमीटर (हे सैल मापाने, स्टॉकपाइलमधली माती दबलेली असते त्यामुळे तिथे मोजून कमी दिसेल). १ घनमीटर बकेटची पोकलेन, बकेट ९०% भरते, १४ घनमीटरच्या हायवाला (टिपर ट्रकला) १६ बकेट, प्रत्येकी २० सेकंद, गाडी लागण्याचा वेळ धरून ६ मिनिट. माती दीड किलोमीटरवर असेल तर भरलेली गाडी ६ मिनिट, रिकामी साडेचार, खाली करायला दीड, एकूण सायकल १८. म्हणजे ३ हायवा, ५० मिनिटांचा तास धरून तासाला ११७ घनमीटर, शिफ्टला ७००, एकूण ४३ शिफ्ट. अंतर अडीच किलोमीटर झालं की सायकल २५ मिनिट होते, ३ गाड्यांवर पोकलेन उभी राहते, चौथी लागतेच. पाचवीसाठी कॉन्ट्रॅक्टर मागे लागेल, पण तिने तासाला जेमतेम ५ घनमीटर वाढतात.

हे सगळे आकडे घड्याळ लावून साइटवर ताडून बघा, दहा-बारा फेऱ्या पुरतात, आणि ऑपरेटरला न सांगता मोजा, बघितलं की तो जोरात चालवतो.

एक गोष्ट फार लोक विसरतात. पसरलेल्या मातीवरून भरलेला हायवा फिरवू नका, टायरने माती दगडासारखी दबते आणि मुळं खाली जात नाहीत. ढीग कडेला टाकायचे आणि हलक्या डोझरने एका-दोन फेऱ्यांत पसरवायचे, थोडं उंचसखल राहिलं तरी चालेल. अमेरिकेत ॲपलाचियाच्या खाणींवर झाडांसाठी निदान ४ फूट सैल थर ठेवायला सांगतात, आपल्याकडे मात्र अजून गुळगुळीत करण्याचीच हौस.

शिफ्ट मोजताना जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मागे मोजा. पाऊस पडला की काळी माती ब्लेडला, टायरला, बकेटला चिकटते आणि वरचे सगळे आकडे बाद. वर रोपं जुलैत लागायला हवीत, म्हणजे मेअखेर माती पसरून झालेली पाहिजे आणि डोझर निदान फेब्रुवारीत उभा हवा.