लैंगिक गुन्हेगारांच्या यादीवर निवेदन द्यायचंय? मग असं लिहा

कुठं काही घडलं की आपल्याकडं दोन दिवसांत निवेदन तयार, "नराधमांचे फोटो चौकात लावा", खाली पन्नास सह्या. राग बरोबरच आहे हो, पण मागणीच चुकीची असली तर कागद फायलीत जाऊन पडतो. सांगलीतनं कुणी देणार असाल तर हे बघा.

आधी एक, "देशात यादीच नाही" असं लिहू नका. सप्टेंबर 2018 पासून केंद्राचा डेटाबेस आहे, एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्राची संस्था, तो सांभाळते, सुरू झाला तेव्हाच 4 लाखांवर नोंदी होत्या, फक्त तो पोलीस आणि तपास यंत्रणांनाच बघता येतो. आणि माझं मत विचाराल तर ते तसंच राहू दे म्हणून मागा. अमेरिकेनं 1994 ला नोंद सक्तीची केली, 1996 ला ती लोकांपुढं ठेवणंही सक्तीचं केलं, पण 2011 साली प्रेस्कॉट आणि रॉकऑफ या संशोधकांनी तिथले आकडे तपासले तर पोलिसांकडं नोंद असण्याचा फायदा दिसला, यादी जगजाहीर करण्यानं मात्र नोंद असलेले लोक परत गुन्हा करायची शक्यता उलट वाढलेली दिसली.

आता आपल्याकडचं बघा. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या केसमध्ये आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, चुलता, शेजारी, क्लासवाला. पलूस-तासगावकडच्या एखाद्या छोट्या गावात चुलत्याचा फोटो चौकात लागला तर पोरगी कोण हे वेगळं सांगायला लागतंय का? तिची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि हे एकदा बघितलं की पुढच्या घरातली आई पोलीस स्टेशनची पायरीच चढणार नाही. निवेदनात हा मुद्दा सगळ्यात वर घ्या, बाकी काही नाही वाचलं तरी साहेब एवढं वाचतील.

मग सुधारणा काय मागायची? नाव किती वर्षं राहणार आणि काढायला अर्ज कुणाकडं करायचा हे कायद्यात स्पष्ट लिहा, एवढं एक. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये फेरविचाराची सोयच नसलेली आयुष्यभराची नोंद मानवी हक्कांत बसत नाही म्हटलं, मग तिथं अर्जाची सोय झाली. दुसरं, 17 ची पोरगी आणि 19 चा पोरगा पळून गेले, बापानं केस टाकली, असल्या पोराला आणि सराईत गुन्हेगाराला एकाच रांगेत उभं करू नका. लॉ कमिशननं 2023 ला संमतीचं वय 18 च ठेवा म्हटलं, पण 16 ते 18 मधल्या संमतीच्या केसेसमध्ये शिक्षेबाबत कोर्टाला मोकळीक द्या असंही म्हटलंय, त्याचा उल्लेख करा.

शाळा, हॉस्टेलच्या स्टाफची पोलीस पडताळणी पोक्सोच्या 2020 च्या नियमांत आहेच, त्याचं वेगळं पत्र एसपी साहेबांना द्या. ते इथंच होण्यासारखं आहे.

"गुन्हेगाराची बाजू घेताय का" असं कुणीतरी विचारणारच, म्हणून बचत गटातल्या बायकांच्या सह्या आधी घ्या.

डेटाबेस केंद्राचा, म्हणून पत्र खासदारांच्या नावानं, प्रत जिल्हाधिकारी सो. यांना. लोकशाही दिनात नेऊ नका, तिथं वैयक्तिक तक्रारीच घेतात. विजयनगरला कलेक्टर ऑफिसात टपाल शाखेत द्या, दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या, महिन्याभरात उत्तर नाही आलं तर तोच नंबर टाकून माहिती अधिकारात विचारा.