स्तनपानाची कापडी पॅड्स घरी शिवताय? या चुका टाळा

बाळंतिणीचं गळणारं दूध टिपायला ब्लाउजच्या आत ठेवायचं पॅड शिवायला बसलेल्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: थर किती घालू? आमच्या गोव्यात त्याआधी विचारायला हवं, की हे पावसात वाळणार कसं? जून ते सप्टेंबर साधा पंचासुद्धा दोन-दोन दिवस दोरीवर दमट राहतो. सहा थर चारी बाजूंनी शिवून बंद केले, तर पॅड वरून कोरडं लागतं आणि आतून ओलंच राहतं.

माझ्या डिचोलीच्या नणंदेची सून ऐन जुलैत बाळंत झाली. माहेरून डझनभर पॅड्स आली होती. दोन थर फ्लॅनेलचे, मध्ये तीन टर्किश टॉवेलचे, खाली रेनकोटचं कापड आणि कडेला गुलाबी लेस. "मामी, थेंबसुद्धा बाहेर येत नाही," ती कौतुकाने सांगत होती. येणार कसा? रेनकोटच्या कापडातून वाराही जात नाही. थोड्याच दिवसांत स्तनाग्रं लाल झाली, पाजताना आग होऊ लागली, बाळाच्या जिभेवर पांढरे चट्टे आले. घरात सगळे तिच्या जेवणातलं तिखट काढत बसले. शेवटी डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग सांगितला आणि आई-बाळ दोघांनाही औषध दिलं. मी दोरीवरचं एक 'वाळलेलं' पॅड उसवून पाहिलं, तर मधला टॉवेल ओला होता. सगळा दोष पॅडचाच, असं मी म्हणणार नाही; पण बुरशीला ऊब आणि ओल लागते, आणि ती दोन्ही तिथे दिवसरात्र होती.

म्हणून मी शोषणारे थर कधीच पुरते बंद करत नाही. साधारण 12 सेंटिमीटरचा गोल कापते, वरचं कापड आणि आतला तुकडा एकाच कडेला जोडते. धुतल्यावर पॅड वहीसारखं उघडतं आणि पंख्याखालीही वाळतं. सुती पॅडवर शेवटी कडक इस्त्री फिरवते. जलरोधक थर घरात लागतच नाही. त्यापेक्षा पॅड्स जास्त शिवा आणि ओलं लागलं की लगेच बदला. नवजात बाळ दिवसातून 8 ते 12 वेळा पितं, त्यामुळे चार जोड्यांत पावसाळा निघत नाही. बाहेर जायच्या पॅडला पीयूएलचं, म्हणजे पाणी न झिरपणारा पातळ प्लास्टिकसारखा थर चिकटवलेलं कापड लावा, पण त्याला टाचण्या टोचू नका. टाचणीचं भोक बुजत नाही, तिथूनच गळतं. कपडे वाळवायचे चिमटे लावून शिवा. पीयूएलवर गरम इस्त्रीही नको.

दुसरी चूक कोरं कापड न धुता कापण्याची. हिचा मला खरोखर राग येतो, कारण ही निव्वळ घाई आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून फ्लॅनेल आणायचं आणि त्याच संध्याकाळी कात्री लावायची! नव्या कापडात खळ असते, ती दूध शोषू देत नाही. फ्लॅनेल एका मापाने आटतं, टॉवेल दुसऱ्या. पहिल्याच धुण्यात पॅड वाटीसारखं वळतं आणि ब्लाउजमधून उठून दिसतं. गरम पाण्यात दोनदा धुवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कापा. मी कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघते. तो मोत्यासारखा वर बसला, तर कापड पुन्हा बादलीत. जिला एक दिवस थांबवत नाही तिने पॅड्स विकत आणावीत. जुनं सुती धोतर मिळालं तर उत्तमच. ते जितकं आटायचं तितकं आटलेलं असतं आणि अंगाला मऊ लागतं.

बाकीचं थोडक्यात. मधोमध शिवण नको, नेमकी तिथेच टोचते. अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी. कडेला झिगझॅग किंवा पिको पुरतो, लेस नको. दुधाचे डाग आधी गार पाण्यात भिजवा. थेट गरम पाण्यात टाकलेत तर डाग पक्का बसतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका, त्याचा लेप धाग्यांवर बसला की पॅड शोषायचं थांबतं.

धुऊनही आंबूस वास येत असेल, तर पॅड कपाटात ठेवू नका. सुती असेल तर उकळत्या पाण्यातून काढा आणि ऊन पडेल त्या दिवशी वाळवा. मधला थर काळवंडला असेल तर तो उसवून टाकून द्या.