ईबीपीएफ प्रोग्राम बांधताना कंपायलरला पातळी सांगा

ईबीपीएफ प्रोग्राम म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, चालणारे छोटे प्रोग्राम. कुडाळच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर जुना कर्नल आणि तुमच्या लॅपटॉपवर नवा क्लँग (सी कंपायलर) असेल, तर ‘एमसीपीयू’ची पातळी, म्हणजे बीपीएफ सूचनासंचाची कोणती आवृत्ती वापरायची ते, स्वतः लिहा. ही डिफॉल्ट पातळी कंपायलरच्या आवृत्तीगणिक बदलते. व्ही3 पातळीला किमान कर्नल 5.1 लागतो, व्ही4 ला 6.6.

बीपीएफ बॅकएंड (बीपीएफचा बाइटकोड काढणारा भाग) जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्येही आहे, 2020 च्या 10 व्या आवृत्तीपासून. दोन्हींनी बांधून बघाच. एकाच सी कोडमधून दोघे वेगळा बाइटकोड काढतात, आणि कंपायलरने पास केलेला प्रोग्राम कर्नलचा व्हेरिफायर (लोड करताना प्रोग्राम सुरक्षित आहे का ते तपासणारा भाग) खुशाल नाकारतो. म्हणून प्रत्येक फाइल त्याच जुन्या कर्नलवर लोड करून तपासा. बीटीएफसाठी (प्रोग्रामातल्या टाइपांची माहिती) क्लँगला ‘-जी’, जीसीसीला ‘-जीबीटीएफ’.

एकाचीच फाइल अडली, तर कोड छाटत छाटत अगदी छोटा नमुना करा आणि व्हेरिफायरच्या पूर्ण लॉगसह त्या कंपायलरच्या टीमला कळवा.