जावा फर्न सडत होतं, शेवटी जमलं

माझ्या दोन फुटी फिश टँकमधलं जावा फर्न, म्हणजे पाण्यात वाढणारं एक रोप, सतत मरत होतं, पानं काळी पडून देठापासून सुटायची आणि मी आपला खत कमी पडतंय म्हणून लिक्विड फर्टिलायझर ओतत राहिलो. मग एकदा रोप उपटलंच, तर खालचा आडवा जाड देठ, रायझोम म्हणतात तो, बोटाने दाबला की गिळगिळीत, वासही घाण. तो वाळूत पुरायचाच नसतो! सडका भाग ब्लेडने कापला, हिरवा कडक तुकडा साध्या कॉटनच्या दोऱ्याने दगडाला बांधला, दोरा कुजेपर्यंत मुळं दगडाला धरतात. लाइटपण १२ तासांवरून ७ वर आणला, शेवाळ कमी झालं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) वगैरे काही सोडला नाही. दोनेक महिन्यांनी जुन्या पानाच्या टोकाला इवलीशी पिल्लं फुटली, मुळांसकट, इतका आनंद झाला! अनुबियास या दुसऱ्या टँकमधल्या रोपाचंही हेच, प्लीज पुरू नका.