टर्नर सिंड्रोम: उंचीची नोंद आणि वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन

टर्नर सिंड्रोममध्ये मुलीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्ण किंवा अंशतः नसतं. उपचार झाले नाहीत तर प्रौढपणीची उंची सरासरीपेक्षा सुमारे 20 सेंमी कमी राहते. या मुलींच्या अंगात वाढीचं हार्मोन सहसा पुरेसं असतं, पण हाडं त्याला कमी दाद देतात. म्हणून ते बाहेरून आणि जास्त मात्रेत द्यावं लागतं. सुरुवात बहुधा 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान होते. वाढ आधीच मंदावली असेल तर त्याहूनही लवकर.

नेहमीचा डोस रोज रात्री दर किलोमागे 45 ते 50 मायक्रोग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलीला 0.9 ते 1 मिलिग्रॅम. ती 24 किलोची झाली आणि डोस तोच राहिला, तर औषध चालू असूनही वाढ रेंगाळते. प्रत्येक भेटीत वजन दाखवून डोस तपासून घ्याच.

इंजेक्शनचं, औषध भरलेलं पेन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीजरजवळ नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी टाकूनच द्या. पेन हलवू नका. दर वेळी नवी सुई लावा आणि मांडी, पोट, नितंब अशी जागा बदलत राहा, नाहीतर त्वचेखाली गाठी किंवा खड्डे पडतात. बटण पूर्ण दाबल्यावर सुई सुमारे 10 सेकंद आत राहू द्या. लगेच काढली तर टोकावर थेंब दिसतो आणि तेवढा डोस वाया जातो.

उंची अनवाणी, केस मोकळे सोडून, टाचा भिंतीला टेकवून आणि नजर समोर ठेवून मोजा. तीनदा मोजून सरासरी काढा. तीन महिन्यांच्या अंतराने मोजताना 1 सेंमीची चूक झाली, तरी वर्षाच्या वेगात ती 4 सेंमी होते! त्यामुळे निष्कर्ष सहा महिन्यांच्या नोंदींवरूनच काढा.

डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा धूसर दिसणं, लंगडणं, खुबा (मांडी कमरेला जोडणारा सांधा) किंवा गुडघा दुखणं, पाठीचा कणा वाकडा दिसणं: यांपैकी काहीही आढळलं तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. हृदयाची इको तपासणी निदान होताच करायची असते, ती राहून गेली असेल तर आधी तीच करा.

वयात येण्याची चिन्हं आपोआप दिसली नाहीत, तर 11 ते 12 व्या वर्षी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अगदी कमी मात्रेत सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवतात. उंचीसाठी ते फार लांबवू नये. हाडांची बळकटी आणि गर्भाशयाची वाढ त्यावरच अवलंबून असते. वर्षाला 2 सेंमीपेक्षा कमी वाढ होऊ लागली की डॉक्टर वाढीचं हार्मोन थांबवतात.